ताब्यात घेणाऱ्यानेच हिशेब द्यावा

नोव्हेंबर २०२५ संपता संपता माओवाद्यांच्या महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड झोनचा प्रवक्ता अनंत आपल्या साथीदारांसह गोंदिया पोलिसांसमोर शरण आला. त्याच्या दीड महिना आधी, १५ ऑक्टोबरला, माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपतीने गडचिरोलीत साठ जणांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली होती. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी, चिचगड, ककोडी, सालेकसा या पट्ट्यातल्या कित्येकांची उभी हयात जंगलातली बंदूक आणि रस्त्यावरची बंदूक यांच्या मधोमध गेली. त्यांच्यासाठी याहून मोठी बातमी गेल्या काही दशकांत आली नसेल. तिचे स्वागत मोकळ्या मनाने व्हायला हवे.

मात्र या दशकांत पोलिसी कामाला एक वळण पडले आहे, आणि ते आपोआप सुटणार नाही. रात्री गावात शिरायचे, एखाद्याला ‘चौकशीला’ म्हणून उचलायचे, कुठे नेले ते घरच्यांना सांगायचे नाही, चार दिवसांनी सोडायचे किंवा अटक दाखवायची, ही तक्रार नक्षलग्रस्त म्हणवल्या गेलेल्या प्रत्येक मुलखातून वर्षानुवर्षे येत राहिली. युद्धाचा काळ आहे, नियम थोडे बाजूला राहणारच, असे तिला उत्तर मिळत गेले. आता ते कारण संपत आले आहे. नियम परत आणण्याची मागणी करायची तर ती याच वर्षी, आणि ती देवरीसारख्या ठिकाणाहूनच व्हायला हवी.

देवरी हे गाव राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे. पूर्वेला शिरपूरचा सीमा तपासणी नाका, त्यापलीकडे छत्तीसगड. दक्षिणेला गडचिरोलीचा कोरची तालुका. जिल्ह्याचे मुख्यालय गोंदियाला असूनही अपर पोलीस अधीक्षकांचे कार्यालय देवरीत आहे, ते या सीमेमुळे आणि जंगलामुळे. आत जावे तशी सशस्त्र दूरक्षेत्रे लागतात. त्या गावांत सरकार म्हणून जे काही डोळ्यांना दिसते, ते बहुतेक खाकी वेशातच दिसते. अलीकडच्या काळात ‘दादालोरा खिडकी’सारख्या उपक्रमांतून जातीचे दाखले, योजनांचे अर्ज, रोजगार मेळावे हेसुद्धा पोलिसांमार्फत होऊ लागले. त्याचा फायदा झाला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या दारात मुलीच्या शिष्यवृत्तीचा कागद मिळतो, त्याच दाराविरुद्ध तक्रार करायची वेळ आली तर माणसाने जायचे कुठे? गोंदिया सुमारे सत्तर किलोमीटर, नागपूर दीडशेच्या आसपास, राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत. हातावर पोट असलेल्या गोंड किंवा हलबा कुटुंबाला यातले कोणतेच अंतर एका दिवसाच्या मजुरीत कापता येत नाही.

या मुलखाने दोन्हीकडचे मरण पाहिले आहे. ‘पोलिसांचा खबरी’ ठरवून माओवाद्यांनी माणसांना रात्री घरातून नेले आणि सकाळी रस्त्यावर मृतदेह टाकले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यातल्या जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये गोंदियाच्या सीमेलगत बोरतलाव येथे छत्तीसगडच्या दोन पोलिसांना गोळ्या घालून मारण्यात आले. हे सारे खून होते. त्या पोलिसांची घरेही बहुतेक शेतकऱ्यांची आणि मजुरांचीच होती. पण माओवाद्यांकडून कोणी कायद्याचे राज्य मागितलेले नाही. ते सरकारकडून मागितले जाते, कारण संविधानाची शपथ सरकारने घेतली आहे. त्यामुळे ‘त्यांनीही मारले’ हे पोलिसांच्या बाजूने उत्तर होऊ शकत नाही.

देवरीहून दक्षिणेकडे निघाले की वडसा, म्हणजे देसाईगंज, फार दूर नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. वयाने ती चौदा ते सोळाच्या घरातली. भावाने दिलेल्या तक्रारीच्या संदर्भात जबाबासाठी तिला ठाण्यात आणले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढले आणि तिला आत ठेवून घेतले. देशाला ती ‘मथुरा’ या नावाने ठाऊक झाली. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, म्हणजे संमती नव्हती असे म्हणता येत नाही, असा निकालाचा सूर होता. बंद ठाण्यात, मध्यरात्री, वर्दीतल्या दोन पुरुषांसमोर एका मजूर मुलीने किती मोठ्याने ओरडायला हवे होते, हे त्या निकालाने सांगितले नाही.

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा ठरला. शिवाय पुरावा कायद्यात ‘११४-अ’ हे कलम आले: अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालय तिचेच म्हणणे गृहीत धरील, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. पूर्व विदर्भातल्या एका ठाण्यातून देशाच्या कायद्याला मिळालेली ही दुरुस्ती आहे. तिच्यामागचा विचार साधा होता. चार भिंतींच्या आत सारी सत्ता एकाच बाजूला असते, साक्षीदार त्याच बाजूचे असतात, नोंदवहीही त्याच बाजूच्या हातात असते. तेव्हा काय घडले ते सांगण्याचे ओझेही त्याच बाजूला द्यायला हवे.

हाच विचार कोठडीतल्या मृत्यूला मात्र लावला गेला नाही. विधी आयोगाने १९८५ मध्येच, ११३ व्या अहवालात, ‘११४-ब’ हे कलम सुचवले होते. पोलिसांच्या ताब्यात असताना माणसाच्या शरीरावर जखम झाली असेल, तर ती ताब्यात ठेवणाऱ्याने केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, एवढीच ती शिफारस. २०१७ मध्ये छळविरोधी कायद्यावरच्या २७३ व्या अहवालात आयोगाने ती पुन्हा केली. १ जुलै २०२४ पासून इंग्रजांचा पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. मथुरेमुळे आलेले कलम नव्या कायद्यात आहे. ‘११४-ब’ त्यातही नाही. चाळीस वर्षांत इतकी सरकारे आली आणि गेली, एकालाही ते घ्यावेसे वाटले नाही.

ते नसल्याने काय होते, हे ख्वाजा युनूसच्या प्रकरणात दिसते. परभणीचा हा सत्तावीस वर्षांचा अभियंता दुबईत नोकरी करत होता. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात पोटा कायद्याखाली त्याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले, की औरंगाबादला नेत असताना जीप दरीत कोसळली आणि तो पळून गेला. सोबतच्या एका आरोपीने वेगळेच सांगितले: कोठडीत युनूसला मारहाण होताना आणि रक्ताची उलटी करताना आपण पाहिले. त्याची आई आसिया बेगम उच्च न्यायालयात गेल्या, तपास सीआयडीकडे आला आणि पळून गेल्याची कहाणी बनावट निघाली. सीआयडीने चौदा पोलिसांवर ठपका ठेवला. सरकारने खटल्याला परवानगी दिली ती फक्त चौघांवर. बॉम्बस्फोटाच्या खटल्यातले सहआरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले, म्हणजे युनूस जिवंत असता तर बहुधा तोही घरी आला असता. त्याचा मृतदेह आजवर मिळालेला नाही.

त्या चौघांतला एक अधिकारी म्हणजे सचिन वाझे. खटला प्रलंबित असतानाच जून २०२० मध्ये तो बाकीच्या तिघांसह पुन्हा सेवेत घेतला गेला आणि काही महिन्यांतच मुंबई गुन्हे शाखेतल्या महत्त्वाच्या खुर्चीवर बसला. मार्च २०२१ मध्ये अंबानींच्या घराबाहेर सापडलेली स्फोटके आणि मनसुख हिरेन यांचा मृत्यू या प्रकरणांत राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याला अटक केली. २००३ चा हिशेब वेळेवर झाला असता तर २०२१ मध्ये तो त्या खुर्चीवर नसता. पोलिसांना जाब विचारला की त्यांचे मनोधैर्य खचते, असे म्हणणाऱ्यांनी हे एक प्रकरण तारखांसकट वाचावे.

माणूस ताब्यात होता आणि मग ‘पळून गेला’, हे उत्तर महाराष्ट्राने आणखी एकदा ऐकले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत चोरीच्या गुन्ह्यात पकडलेला अनिकेत कोथळे कोठडीतून पळाल्याचे पोलिसांनी सांगितले. प्रत्यक्षात मारहाणीत त्याचा जीव गेला होता आणि मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळण्यात आला होता. घरच्यांनी आणि शहराने आवाज उठवला म्हणून काही दिवसांतच सत्य बाहेर आले आणि पोलिसांना अटक झाली. सांगलीत वकील होते, वार्ताहर होते, मोर्चा काढणारे लोक होते. हेच चिचगडच्या पलीकडच्या एखाद्या टोल्यावर घडले असते, तर ‘पळून गेला’ हे दोन शब्दच कागदावर कायमचे राहिले असते, आणि कदाचित ‘दलममध्ये सामील झाला’ अशी पुस्तीही जोडली गेली असती.

गडचिरोलीत असा प्रश्न उभा राहिलाच होता. २२ एप्रिल २०१८ आणि त्याच्या पुढच्या दिवशी कसनासूर-बोरिया आणि राजाराम खांदला इथल्या दोन चकमकींत मिळून चाळीस जण मारले गेले. इंद्रावतीच्या पात्रातून मृतदेह सापडत राहिले. गट्टेपल्ली गावातली काही मुले-मुली तेव्हाच बेपत्ता झाली होती. ती लग्नाला म्हणून निघाली होती, असे घरच्यांचे म्हणणे. ती नुकतीच संघटनेत भरती झाली होती, असे पोलिसांचे. कोणाचे खरे, हे ठरवण्याची जागा वर्तमानपत्राचा रकाना नाही. स्वतंत्र तपासाचा अहवाल गावासमोर वाचून दाखवला जातो तीच ती जागा. छत्तीसगडमध्ये असे एकदा घडले. जून २०१२ मध्ये विजापूर जिल्ह्यातल्या सारकेगुड्यात १७ जण मारले गेले आणि ते माओवादी असल्याचे जाहीर झाले. न्या. व्ही. के. अग्रवाल आयोगाने सात वर्षांनी सांगितले, की ते माओवादी होते याला पुरावा नाही. मेलेल्यांत अल्पवयीन मुले होती. देवरीच्या नाक्यापलीकडचेच हे राज्य.

नियम नाहीत असे मुळीच नाही. १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेची रीत घालून दिली: अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही असलेला अटक पंचनामा, नातेवाइकांना खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करायचे, हे तर संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदातच आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३७ सांगते, की अटक केलेल्यांची नावे प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावली पाहिजेत. कोठडीत कोणी मेले किंवा कोठडीतून नाहीसे झाले तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची, असे कलम १९६ म्हणते. कोठडीतून नाहीसे होणे या प्रकाराची दखल आपल्या कायद्याने घेतली आहे ती जवळपास इथेच. स्वतंत्र गुन्हा म्हणून तो आजही नाही. बळजबरीने नाहीसे करण्याविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने फेब्रुवारी २००७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही झाली, त्याचीही तीच गत.

चकमकीचे नियम तर महाराष्ट्रातल्या प्रकरणातूनच घडले. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. त्यांच्या खरेपणाचा प्रश्न घेऊन पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज न्यायालयात गेली आणि २३ सप्टेंबर २०१४ रोजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा व न्या. रोहिंटन नरिमन यांनी सोळा सूचना दिल्या. प्रत्येक चकमकीत गुन्हा नोंदवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा. दंडाधिकारी चौकशी सक्तीची. मृताच्या जवळच्या नातेवाइकाला लगेच कळवायचे. पोलिसांनी आपली हत्यारे तपासणीसाठी जमा करायची. आणि शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत बढती नाही, पदकही नाही. ही शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल. गोळीबाराच्या बातमीमागोमाग बक्षिसाची घोषणा होते तिथे खरा तपास होणे अवघड असते.

त्या निकालाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणाचा आरोपी अक्षय शिंदे मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावले, असे सांगण्यात आले. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने गाडीतल्या पाच पोलिसांना जबाबदार धरले. तरीही गुन्हा नोंदवून तपास करण्यासाठी उच्च न्यायालयाला एप्रिल २०२५ मध्ये आदेश द्यावा लागला. त्या मृत्यूनंतर राज्यात ठिकठिकाणी पेढे वाटले गेले. लहान मुलींवरच्या अत्याचाराने लोक पेटले होते, हे समजण्यासारखे आहे. पण ज्या खटल्यात शाळेच्या व्यवस्थापनापासून तक्रार घ्यायला उशीर करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची उलटतपासणी व्हायची होती, त्यातला मुख्य आरोपीच गेला. त्या मुलींना न्यायालयात जे ऐकायला मिळायला हवे होते, ते आता मिळणार नाही.

झटपट न्यायाची ओढ ज्यांना वाटते, त्यांनी हैदराबादचे प्रकरण आठवावे. डिसेंबर २०१९ मध्ये डॉक्टर तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी पोलिसांनी मारले आणि देशभर फुले उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने चौकशीला नेमले ते नागपूर खंडपीठात वकिली करून पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले न्या. विकास सिरपूरकर. त्यांच्या आयोगाने २०२२ मध्ये सांगितले, की गोळीबार मारण्याच्या हेतूनेच झाला, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालावा, आणि मेलेल्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. फुले उधळताना हे कोणालाही माहीत नव्हते. माहीत करून घेण्याची जी पद्धत असते, तिलाच खटला म्हणतात.

ताब्यात असलेल्या माणसाबद्दल वेळेवर झालेली एखादी लेखी नोंद किती मोठे काम करते, हे रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैयाच्या प्रकरणात दिसले. ११ नोव्हेंबर २००६ रोजी त्याला वाशीतून उचलल्याचे कळताच वकील असलेल्या त्याच्या भावाने, रामप्रसाद गुप्ता यांनी, वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले. त्याच संध्याकाळी वर्सोव्यात ‘चकमक’ झाली. त्या कागदांवरच्या वेळा पुढे खोडता आल्या नाहीत. २०११ मध्ये मुख्य साक्षीदार अनिल भेडा साक्षीच्या तोंडावर नाहीसा झाला आणि त्याचा जळालेला मृतदेह सापडला. तरी २०१३ मध्ये तेरा पोलिसांसह एकवीस जणांना शिक्षा झाली. १९ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयाने, आधी सुटलेला पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यालाही दोषी ठरवले. सतरा वर्षे एक भाऊ चिकाटीने लढला आणि तो वकील होता, म्हणून हे झाले. ज्या घरात वकील नाही त्या घरासाठी ही तार सरकारी यंत्रणेनेच पाठवायला हवी.

तसे होत नाही, याचा ताजा पुरावाही परभणीचाच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटले आणि धरपकडीत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाने अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण दिले. विधानसभेत मात्र मारहाणीचा पुरावा नसल्याचे आणि श्वसनाच्या आजाराचे सांगण्यात आले. दंडाधिकाऱ्यांनी पोलिसांना जबाबदार धरले. आई विजयाबाई औरंगाबाद खंडपीठात गेल्या, ४ जुलै २०२५ ला गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला आणि राज्य सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलैला ते अपील फेटाळले गेले. शिक्षा देऊ नका, असे म्हणण्यासाठी सरकार दिल्लीला गेले असते तर एक वेळ समजले असते. ते गेले गुन्हाच नोंदवू नका म्हणून. आसिया बेगम आणि विजयाबाई, एकाच शहराशी जोडल्या गेलेल्या या दोन आयांमध्ये बावीस वर्षांचे अंतर आहे, आणि दोघींनाही पहिल्या पायरीसाठी उच्च न्यायालय गाठावे लागले.

गोंदिया जिल्हाही याला अपवाद नाही. मे २०२१ मध्ये शेजारच्या आमगाव ठाण्यात चोरीच्या संशयावरून पकडलेल्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. लोक संतापले, पोलीस निलंबित झाले, तपास सीआयडीकडे गेला. २०१७-१८ ते २०२१-२२ या पाच वर्षांत महाराष्ट्रात पोलीस कोठडीतल्या ७६ मृत्यूंची नोंद झाल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. गुजरातच्या ८० खालोखाल ही देशातली सर्वांत मोठी संख्या होती. त्यातले ३० मृत्यू एकट्या शेवटच्या वर्षातले.

आता देवरीत नेमके काय व्हावे? २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त करून राज्य आणि विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याची तरतूद केली. कोठडीतला मृत्यू, गंभीर इजा, बेकायदा अटक या सगळ्या तक्रारी तिथे नेता येतात. शिफारशी बंधनकारक असाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. राज्याने अपवादात्मक प्रसंगी त्या नाकारण्याची मुभा स्वतःकडे ठेवली, ती काढून टाकायला हवी. पण त्याआधीची गोष्ट अंतराची. देवरीच्या माणसाला विभाग म्हणजे नागपूर. प्राधिकरणाने ठरावीक काळाने देवरीत, कोरचीत, सालेकशात बैठक घ्यावी, तक्रार गोंडीतूनही तोंडी घ्यावी आणि तिची पोच जागेवर द्यावी. दाखल्यांसाठी पोलीस गावात येऊ शकतात, तर पोलिसांविरुद्धची तक्रार ऐकायला निवृत्त न्यायाधीशही येऊ शकतात.

डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात, कोठडीपासून व्हरांड्यापर्यंत, सीसीटीव्ही हवा आणि चित्रण दीड वर्ष, निदान एक वर्ष तरी, जपून ठेवायला हवे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या कॅमेऱ्यांची पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली. जिथे माणूस बसवून ठेवला जातो अशा दूरक्षेत्रांनाही हाच नियम लागू करावा, कारण जंगलाच्या भागात चौकशी बहुधा तिथेच होते. गावातून कोणाला नेले की त्याच वेळी पोलीस पाटलाच्या वहीत नोंद व्हावी: कोणी नेले, किती वाजता, कुठे. त्याची एक प्रत घरच्यांच्या हाती द्यावी. देवरीला न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे, दुसरी प्रत त्याच दिवशी तिथे पाठवता येईल. या नोंदीला ना नवा निधी लागतो, ना नवा कायदा. प्रामाणिक पोलिसालाही याच नोंदीचा आधार मिळेल; खोटा आरोप झाला तर त्याच्या बाजूने बोलणारा कागद त्याच्याकडे असेल.

नवा कायदा लागतो तो ‘११४-ब’साठी, आणि तो संसदेचा विषय आहे. खटल्याच्या परवानगीचा मुद्दा मात्र राज्याच्या हातात आहे. नव्या संहितेत परवानगीचा निर्णय १२० दिवसांत झाला नाही तर ती मिळाली असे मानले जाते, ही सुधारणा चांगली आहे. पण सीआयडीने चौदा नावे दिल्यावर सरकारने चार निवडायची, हे पुन्हा घडू नये यासाठी नकाराची लेखी कारणे प्रसिद्ध करण्याचे बंधन राज्याने स्वतःवर घालून घ्यावे.

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते, देवरीपासून महामार्गाने तीन तासांच्या आत. गोंदिया, गडचिरोली आणि भंडाऱ्याच्या आमदारांनी पक्ष विसरून तिथे एक तारांकित प्रश्न विचारावा: २३ सप्टेंबर २०१४ पासून आजवर गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांत पोलीस कारवाईत आणि कोठडीत किती माणसे मेली, त्यातल्या किती प्रकरणांत गुन्हा नोंदला गेला, तपास कोणत्या स्वतंत्र यंत्रणेने केला, दंडाधिकाऱ्यांचे किती अहवाल नातेवाइकांना मिळाले, आणि त्याच काळात या दोन जिल्ह्यांतून बेपत्ता म्हणून नोंदलेल्या किती आदिवासींचा शोध अजून लागायचा आहे. उत्तर गावनिहाय मागावे आणि ते मराठीबरोबर गोंडीतही ग्रामसभेत वाचून दाखवावे.